पैजेचा पेला आणि घरची भीती

दारूवर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले. पण ते बहुतेक बापाच्या दारूविषयी. पोरांची दारू पुष्कळदा पैजेखातर असते. २०१४ साली 'नेकनॉमिनेट' नावाचे खूळ इंटरनेटवरून पसरले: एका दमात दारू प्यायची, त्याचे चित्रण दाखवायचे आणि दुसऱ्याला आव्हान द्यायचे. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये त्यापायी तरुण मेले. वसतिगृहाच्या खोलीत लागणारी पैज याच जातीची आहे.

एका दमात पिणे घातक का? यकृत दारू ठरावीक गतीनेच जिरवते. पिणे थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. मुलगा झोपला असे सोबत्यांना वाटते. प्रत्यक्षात श्वास मंदावत असतो, किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. लिंबू, कॉफी, थंड पाणी यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. हलवूनही जाग येत नसेल तर कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

सोबती फोन का करीत नाहीत? घरच्या माराच्या आणि वसतिगृहातून नाव कटण्याच्या भीतीने. ज्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, तिथे ही भीती दुप्पट. नाव कटले की शिक्षणच संपते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षे वयाची अट आहे, पण कायदा बंद खोलीत पोचत नाही. आईबापांचा शब्द पोचू शकतो. त्यांनी आधीच सांगून ठेवावे : "पिऊ नकोस. पण कुणी पडला तर आधी फोन कर. जाब नंतर विचारू." जाब जरूर विचारावा, त्यासाठी पोरगा जिवंत राहिला पाहिजे.