ब्रेकच्या रबरांना डिझेलचं स्नान नको!

मैत्रिणींनो, गाडीचे ब्रेक हा काय आपला विषय, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणत असे. पण अंगारकीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन जालन्याला परतताना आमच्या अँबॅसडरमध्ये जळकट वास सुटला. गाडी ओढल्यासारखी जड चालली. थांबावं म्हणेपर्यंत ब्रेकचं पायडल थेट खाली गेलं! मागे दोन्ही मुलं. ह्यांनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला लावली. चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग.

गाडी मामंजींची, १९७८ सालची मार्क ३. कारण मागाहून कळलं. महिन्यापूर्वी ब्रेक उघडले तेव्हा कारागिराने सगळे भाग, रबरासकट, डिझेलमध्ये धुतले होते. ब्रेक ऑईल हे नावाचंच ऑईल; ते तेल नव्हे. त्यात नांदणारं रबर डिझेल-रॉकेल लागलं की फुगतं. मास्टर सिलिंडरमधलं फुगलेलं वायसर परतीचं बारीक छिद्र झाकतं. मग पाय काढला तरी दाब सुटत नाही, ब्रेक घासत राहतात, ड्रम तापतात. शिवाय ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. असं पाणावलेलं ऑईल तापलं की त्यात वाफ धरते आणि पायडल पोकळ होतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं. अशा जुन्या गाडीत चारही चाकांचा दाब एकाच मास्टर सिलिंडरमधून जातो. तो गेला की चारही ब्रेक गेले.

या वेळी भाग लावून ठेवायला मी स्वतः बसले. चार जुन्या वाट्या, एकेका चाकाची एकेक, वर चिठ्ठी. (त्या वाट्या पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका हं, ब्रेक ऑईल विषारी असतं.) धातूचे भाग स्पिरिटने पुसले. रबर आणि तांब्याचे वायसर एकूण एक नवे. गंजलेल्या नळीला डाग देऊन भागवू नये, ती बदलावीच.

मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चिमुकली झडप निघाली. हे म्हणाले, "टाकून दे." मी ऐकलं नाही! ड्रम ब्रेकच्या नळीत ती थोडासा दाब राखून ठेवते, म्हणून चाकाकडच्या वायसरच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. कुकरच्या रिंगचं आपण बघतोच की.

अँबॅसडर २०१४ मध्ये बंद झाली, त्यामुळे भाग शोधावे लागतात. नमुना सोबत न्यावा. दुकानदार "फियाटचा चालेल" म्हणाला तरी घेऊ नका. अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस, तिचे आटे इंचाचे. फियाट इटलीची, तिचे मिलिमीटरचे. नट दोन आटे बसतो आणि मग अडतो. जोर लावला की आटे गेलेच.

शेवटी हवा काढायची. सुरुवात सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. पायडलवर मी, खाली हे: "दाब… धर… सोड!" खालचं निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. पायडल टणक लागल्यावर मामंजींनी गाडी गल्लीतच दहादा चालवून थांबवली. मगच मुलांना आत बसू दिलं.