संगणकावर व्हॉट्सॲप उघडत नाही? आधी दोष कुठे आहे ते पाहा

मालेगावच्या साडीचा फोटो, भिवंडीच्या ग्रे कापडाचा भाव, सोलापूरच्या टॉवेलची ऑर्डर, पॉवरलूमच्या बीमचा हिशेब, हे सारे आज व्हॉट्सॲपवरून येते आणि जाते. पूर्वी दलाल नमुन्याची पिशवी घेऊन पेढीवर येत असे. आता त्याच्या आधी फोटो येतो. फोनच्या लहान पडद्यावर दिवसभर बिले आणि फोटो पाहणे कठीण असल्यामुळे पुष्कळ पेढ्यांवर मुनीम संगणकावरच व्हॉट्सॲप उघडून बसतात. त्यामुळे एखाद्या सकाळी ते उघडले नाही, चक्र नुसते फिरत राहिले किंवा पुन्हा क्यूआर कोड मागू लागले की कामाचा खोळंबा होतो. घाईत माणूस नको ती बटणे दाबतो, आणि खरे नुकसान तेथे होते.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, संगणकाचे इंजिनिअर नव्हे. परंतु बाजारातील अनेक भावांच्या पेढ्यांवर हीच अडचण पाहिली आहे. संगणकावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात, आणि आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना त्या पाहून दडपण येते. म्हणून काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय मुळीच करू नये, हे सोप्या भाषेत येथे मांडत आहोत.

खिडकी आणि दुकान

सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. संगणकावरील व्हॉट्सॲप ही खिडकी आहे. दुकान फोनमध्ये आहे. ही सोय जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या वेळी ती फक्त क्रोम ब्राउझरमध्ये चालत असे आणि फोन सतत इंटरनेटला जोडलेला ठेवावा लागे. २०२१ पासून नवी पद्धत येऊ लागली. आता फोन बंद असला तरी संगणकावर संदेश येतात, आणि एका खात्याला फोनखेरीज चार साधने जोडता येतात. तरीही खात्याचे मूळ फोनमध्येच असते. कोणते साधन जोडलेले ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे फोनच ठरवतो.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, संगणकावरील खिडकी बंद केली, तेथून लॉग आउट केले किंवा ब्राउझरमधील साठवण पुसली, तरी फोनमधील संदेश जात नाहीत. म्हणून खिडकीची दुरुस्ती करताना घाबरू नये. दुसरा नियम याच्या उलट आहे. संगणकावर अडचण आली म्हणून फोनमधील व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नये. बॅकअप घेतलेला नसेल तर वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी, भाव आणि हिशेब एका क्षणात जातील. खिडकीची काच फुटली म्हणून कोणी दुकान पाडत नाही.

दोष तिघांपैकी कोणाचा?

फोन, इंटरनेट आणि ब्राउझर अशी ही तीन दुव्यांची साखळी आहे. औषध करण्यापूर्वी आजार कोणत्या दुव्यात आहे ते ओळखावे. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

पहिली तपासणी फोनची. फोनवरून कोणाला तरी संदेश पाठवावा. घड्याळाचे चिन्ह राहिले तर संदेश गेलेलाच नाही, एक खूण आली तर गेला, दोन आल्या तर समोरच्याच्या फोनवर पोचला. फोनवरूनही संदेश जात नसेल तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. कधी कधी कंपनीची यंत्रणाच बंद पडते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगभर सुमारे सहा तास आणि २५ ऑक्टोबर २०२२ रोजी सुमारे दोन तास व्हॉट्सॲप बंद होते. अशा वेळी संगणक खोलून बसणारा आपला वेळ वाया घालवतो.

दुसरी तपासणी इंटरनेटची. संगणकावर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडावे. तेही उघडत नसेल तर दोष जोडणीचा. दुसरे सर्व उघडते आणि व्हॉट्सॲपच उघडत नाही, असे असेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्यावर जोडून पाहावा. हॉटस्पॉटवर चालले तर कार्यालयाच्या वायफायवर, व्हीपीएनमध्ये किंवा राउटरमध्ये कुठेतरी अडवणूक आहे.

तिसरी तपासणी ब्राउझरची. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबली की खासगी खिडकी उघडते. त्यात व्हॉट्सॲप उघडून पाहावे, किंवा दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. तेथे चालत असेल तर फोन आणि इंटरनेट ठीक आहेत. दोष नेहमीच्या ब्राउझरमध्ये आहे. तपासणी झाल्यावर खासगी खिडकी बंद करावी.

ब्राउझरचे नेहमीचे दोष आणि उपाय

१. पृष्ठ अर्धवट उघडणे. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबावे. जुनी साठवण बाजूला ठेवून पृष्ठ नव्याने येते. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

२. तारीख चुकलेली असणे. हा दोष जुन्या संगणकात फार आढळतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ हा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि मागील कुठलेतरी वर्ष दाखवू लागतो. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तारखेवर तपासले जाते, त्यामुळे चुकीच्या तारखेला जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना येते. तारीख, वेळ आणि भारताची वेळपट्टी बरोबर करावी. रोज तारीख बदलत असेल तर सेल बदलून घ्यावा. येथे केवळ व्हॉट्सॲपचा प्रश्न नाही. त्याच संगणकावर बिले निघत असतील तर त्यांवरही चुकीची तारीख पडते.

३. ब्राउझर किंवा विंडोज जुने असणे. विंडोज ७ आणि ८.१ साठी गूगलने क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढील लागते. जुन्या संगणकावर क्रोम अद्ययावत करूनही होत नाही, त्याचे कारण हेच. इंटरनेट एक्सप्लोररवर व्हॉट्सॲप चालत नाही. ज्यांचा संगणक नवीन विंडोज पेलू शकतो त्यांनी ते जाणकाराकडून टाकून घ्यावे. ज्यांचा पेलत नाही त्यांनी महिनोन्महिने त्याच्याशी झुंजत बसू नये.

४. साठवण बिघडणे. ब्राउझर संदेशांची प्रत संगणकात ठेवतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला किंवा ती साठवण खराब झाली तर संदेश उघडताना चक्र फिरत राहते. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून कुकीज आणि साइट डेटा यांत जावे, व्हॉट्सॲपची साठवण पुसावी आणि पुन्हा जोडणी करावी. त्याआधी संगणकावरून पाठवलेल्या एखाद्या संदेशावर घड्याळाचे चिन्ह अडकले आहे का ते पाहून तो मजकूर उतरवून घ्यावा. न गेलेला संदेश या सफाईत नाहीसा होतो.

५. जोडलेली उपयंत्रे. जाहिराती रोखणारी, भाषांतर करणारी किंवा एकदम शेकडो संदेश पाठवण्याचे आमिष दाखवणारी एक्स्टेन्शन ब्राउझरला लावलेली असतात. खासगी खिडकीत ती बहुधा बंद असतात, म्हणून तेथे व्हॉट्सॲप चालते. एकेक बंद करून दोषी कोण ते शोधावे. शेकडो संदेश पाठवणारे उपयंत्र तर ठेवूच नये. त्याने खाते बंद होऊ शकते, आणि आपले सर्व संदेश परक्याला वाचता येण्याचा धोका राहतो.

६. आवाज न जाणे. लिहिणे चालते पण बोलून संदेश पाठवता येत नाही, अशी तक्रार असेल तर पत्त्याजवळच्या त्याच चिन्हात मायक्रोफोनची परवानगी द्यावी.

क्यूआर कोड वारंवार मागितला तर

फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस या नावाची जागा आहे. तेथून जोडणी होते. कोड वाचला जात नसेल तर आधी कॅमेऱ्याची काच पुसावी. कारखान्यातील कापसाचे तंतू आणि तेलाचे बोट यांमुळे ती धुरकट होते. पडद्याचा उजेड वाढवावा. कोड काही वेळाने बदलतो, म्हणून शिळा झालेला कोड नवा करून घ्यावा.

रोज सकाळी कोड मागितला जात असेल तर ब्राउझर बंद होताना कुकीज पुसण्याची सोय सुरू आहे का ते पाहावे. चार साधने आधीच जोडलेली असतील तर पाचवे जोडले जात नाही. गोदामातील जुना संगणक किंवा विकलेला लॅपटॉप यादीतून काढावा. मुख्य फोनवर १४ दिवसांपेक्षा जास्त काळ व्हॉट्सॲप वापरले गेले नाही तर जोडलेली साधने आपोआप सुटतात. हज किंवा लांबच्या सफरीला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. फोन घरी बंद ठेवून गेल्यास मागे पेढीवरचे काम थांबेल. याखेरीज, २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने संदेश सेवांना संगणकावरील जोडणी जास्तीत जास्त सहा तासांनी तोडून पुन्हा कोड मागण्याचे निर्देश दिले. तेव्हा कोड पुन्हा मागितला म्हणजे प्रत्येक वेळी बिघाडच झाला, असे समजू नये.

परका हात लागू देऊ नये

आता सर्वांत महत्त्वाची बाब. व्हॉट्सॲप उघडेना की माणूस गूगलवर शोधतो आणि वर आलेल्या पहिल्या दुव्यावर क्लिक करतो. तेथे हुबेहूब दिसणारे बनावट पृष्ठ असू शकते. त्यावरील कोड फोनने वाचला की आपले खाते परक्याच्या संगणकाला जोडले जाते. तो गप्प बसून आपले व्यवहार वाचतो, आणि एक दिवस आपल्याच नावाने गिऱ्हाइकाला कळवतो की बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात टाकावी. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि साख आपली जाते. बाजारात साख जमवण्यास एक पिढी लागते.

म्हणून पत्ता स्वतः टाइप करावा: वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम. एकदा खात्री झाली की तो बुकमार्क करून ठेवावा आणि नेहमी तेथूनच उघडावे. इंटरनेटवर सापडलेल्या मदत क्रमांकावर फोन करू नये. दूर बसून संगणक हाताळू देणारे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकू नये. क्यूआरऐवजी आठ अक्षरी कोडनेही जोडणी होते. तो कोड आपल्यासमोरच्या संगणकावर दिसतो आणि आपण फोनमध्ये टाकतो. कोणी दुसरा फोनवरून कोड सांगून तो टाकायला लावत असेल तर तो चोर समजावा. एसएमएसने येणारा सहा अंकी कोड कोणालाही सांगू नये. फोनमधील टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा अंकी पिन ठेवावा.

दर शुक्रवारी लिंक्ड डिव्हाइसेसची यादी पाहण्याची सवय लावावी. ओळखीचे नसलेले साधन दिसले की ताबडतोब लॉग आउट करावे आणि गिऱ्हाइकांना फोन करून सावध करावे. नोकर सोडून गेला तर त्याच्या हातातील जोडणी त्याच दिवशी काढावी. पैशाची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

वही वेगळी असावी

शेवटी एक विनंती. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार करण्याविषयी आहे. पडद्यावर आलेला संदेश ही निरोपाची सोय आहे. तो हिशेबाची वही नव्हे. ऑर्डर आली की माल, ताके, मीटर, भाव आणि मुदत त्याच दिवशी वहीत किंवा हिशेबाच्या प्रोग्राममध्ये उतरवावी. महत्त्वाचा संवाद एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवावा आणि फोनचा बॅकअप सुरू ठेवावा. मग खिडकी एक दिवस बंद राहिली तरी दुकान चालू राहील.

हा लेख मुनीमजींना वाचून दाखवावा आणि तपासणीचा क्रम कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवावा: आधी फोन, मग इंटरनेट, मग ब्राउझर. फोनमधील ॲप काढायचे नाही आणि कोड कोणालाही द्यायचा नाही. एवढे पाळले तर बहुतेक अडचणी, इन्शाअल्लाह, पेढीवरच सुटतील.