कोयनेच्या भेगा आणि संगणकातलं काँक्रीट : धरणाचं गणित आधी एका तुकड्यावर तपासतात

पाटण : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं भुईसपाट झाली. १०३ मीटर उंचीचं धरण मात्र उभं राहिलं, पण त्याला भेगा पडल्या. याच भेगा आज जगभरच्या इंजिनिअर लोकांसाठी परीक्षेचा पेपर झाल्या आहेत.

धरण मोडून बघता येत नाही. म्हणून संगणकात त्याचे शेकडो-हजारो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येकावर किती ताण, किती दाब येतो ते काढतात. याला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. पण तुकडा काँक्रीटचा की लोखंडाचा, हे संगणकाला आपोआप कळत नाही. जोर लावल्यावर तो किती दबेल, कधी चिरेल, हा नियम माणसानंच द्यायचा. त्याला म्हणतात मटेरियल मॉडेल.

एका तुकड्याची परीक्षा

नियम बरोबर आहे का, हे आधी एकाच तुकड्यावर बघतात. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. तुकडा दाबायचा, ओढायचा, पुन्हा दाबायचा. येणारा आलेख प्रयोगशाळेत खरा ठोकळा फोडून काढलेल्या आलेखाशी ताडून बघायचा. जुळला तरच पुढं जायचं.

काँक्रीटचं वागणं कासऱ्याच्या उलटं. कासरा ओढ सोसतो, दाब नाही. काँक्रीट दाब सोसतं, पण ओढ साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच. भूकंपात धरण मागं-पुढं हलतं. भेग उघडते, मिटते, परत उघडते. मिटलेली भेग दाब घेते, ओढ मात्र घेत नाही. मॉडेलमध्ये एवढी एक गोष्ट चुकली, तरी पुढचं सगळं गणित चुकतं.

कोयनाच का?

धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटेच्या हादऱ्यांची नोंद केली होती. भेगा कुठं पडल्या तेही माहीत होतं. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास. प्रश्नही हाताशी, उत्तरही हाताशी. म्हणून अबॅकस या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयना धरण आहे. नवं मॉडेल केलं, की त्याच जागी भेग दाखवतंय का, हे लोक तपासतात.

भूकंपानंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे आधार देऊन धरण मजबूत केलं गेलं. पण या भागात आजही धक्के बसतात, आणि धरणाखाली गावं आहेत. संगणकातलं रंगीत चित्र चुकीच्या नियमावरही तितकंच छान दिसतं. म्हणून कुठल्याही धरणाचा अहवाल आला, की पहिला प्रश्न हाच : काँक्रीटचे आकडे त्याच धरणातून काढलेल्या नमुन्यांचे आहेत, की पुस्तकातून उचललेले?