यंत्राचे उत्तर आणि वस्तीची साक्ष

गेल्या वर्षी दहावीच्या एका विद्यार्थ्याने घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारावर निबंध लिहून आणला. भाषा स्वच्छ, तारीख अचूक : ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार, १० जणांचा मृत्यू, हेही बरोबर. मात्र जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार अपरिहार्य ठरला, असे त्यात निःशंकपणे लिहिले होते. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, एआयने सांगितलं."

टँकरची गोष्ट ही पोलिसांची बाजू होती. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. यंत्राचा हेतू वाईट होता असे नव्हे. त्याला हेतूच नसतो. अफाट लिखित मजकूर पचवून पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा हिशेब ते मांडते. जे पुष्कळदा छापले गेले ते त्याच्या हिशेबात वर येते. वस्तीतल्या आयाबायांनी सांगितलेले, पण कोणी लिहून न घेतलेले, त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्याच्या बाबतीत ही उणीव किरकोळ कशी म्हणावी?

इतर विद्याशाखाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले व ५,००० डॉलर दंड भरला. वैद्यकात रुग्णाच्या गोपनीयतेचा, साहित्यात लेखकाच्या संमतीचा प्रश्न आहे. बाबासाहेबांच्या नावावर बनावट वचने तर यंत्र येण्यापूर्वीपासूनच फिरत आहेत. आता ती खंड व पृष्ठ क्रमांकासह मिळू शकतात, एवढीच प्रगती! शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले खंड आपल्या ग्रंथालयात आहेत. ते उघडून पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

त्या विद्यार्थ्याला आम्ही निबंध परत दिला आणि वही घेऊन वस्तीत पाठवले. पुनर्विकासासाठी तेथील घरे रिकामी होत आहेत. साक्षीदार पांगण्यापूर्वी हे व्हायला हवे होते. त्याने तीन वृद्ध महिलांचे म्हणणे उतरवून आणले. दोघींच्या आठवणी काही ठिकाणी जुळत नव्हत्या. त्या कशा पडताळायच्या, यावर इतिहासाचे पुढचे दोन तास गेले.