समुद्र नसला तरी सातारा-सांगलीतून मत्स्यविज्ञानात पीएच.डी. करता येते

मत्स्यविज्ञान म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. सातारा-सांगलीला समुद्रच नाही, मग आपल्या मुलामुलींनी यात पीएच.डी. कशाला करायची, असं पालक विचारतात. उत्तर आपल्या शिवारातच आहे.

कृष्णाकाठी वाळवा, मिरज भागात उसाला जादा पाणी देऊन कितीतरी जमीन क्षारपड झाली. हरियाणात अशाच खारट भूजलावर कोळंबी वाढवता येते, हे मुंबईतील वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने दाखवलं. तिथल्या पाण्यात पोटॅशियम कमी पडतं, ते बाहेरून द्यावं लागतं. सांगलीच्या पाण्यात काय कमी आहे, खर्च परवडेल का, तलावाचं पाणी शेजारच्या शेतात गेलं तर काय, हे शोधणं म्हणजेच संशोधन.

जीनोमिक्सचंही तसंच. सजीवाची संपूर्ण जनुकीय माहिती वाचण्याचं हे शास्त्र. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने पिढ्यान् पिढ्या निवड करून लवकर वाढणारा ‘जयंती रोहू’ तयार केला. आता डीएनएच्या खुणा पाहून चांगले नर-मादी आधीच ओळखण्याचं काम सुरू आहे.

यात शिरायला दोन दरवाजे आहेत. पहिला बारावी सायन्सनंतर उघडतो. रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची बी.एफ.एस्सी., मग एम.एफ.एस्सी. आणि आयसीएआरची प्रवेश परीक्षा देऊन वर्सोव्यासारख्या संस्थेत पीएच.डी. दुसरा दरवाजा प्राणिशास्त्र, बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करणाऱ्यांचा. त्यांनी सीएसआयआर-नेट द्यावी. जेआरएफ मिळाली की गोव्यातील दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा आपलं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे प्रयत्न करता येतो. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलांना हा दुसरा रस्ता कुणी सांगतच नाही.

आता पैशाचा प्रश्न. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. ज्या घरात कमावणारा एकच, तिथे हा फटका मोठा आहे. म्हणून जेआरएफचं महत्त्व वाढलं. त्यात पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. मोमीन, बागवान, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादरींच्या मुलांना ओबीसींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आणि राज्याच्या ‘महाज्योती’ची फेलोशिप, या दोन्हींसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. हे कागद जाहिरात निघाल्यावर नव्हे, आजच काढून ठेवा.

फेलोशिप नसताना पीएच.डी.ला नाव घालण्याची घाई करू नका. चार-पाच वर्षं घरच्या पैशावर ओढणं अवघड जातं आणि अनेकजण मधेच सोडतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून नेटचा अभ्यास सुरू करा. मुलींनीही मागे राहू नये. जेआरएफच्या वयोमर्यादेत त्यांना सवलत आहे.

आपल्या मोहल्ल्यात डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं स्वप्न घरोघरी आहे. त्यात एखादं नाव शास्त्रज्ञाचंही येऊ द्या. इन्शाअल्लाह, कृष्णाकाठच्या खारट जमिनीचं उत्तर इथल्याच एखाद्या घरातून निघेल.