‘गिट’ची संहिता : जतन आणि नूतनीकरण

कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसलेले आहे. घाट उतरून गेले म्हणजे पायथ्याशी भुईबावडा लागतो. बावड्याची ही जहागीर पंत अमात्यांची. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते रामचंद्रपंत याच घराण्यातले. मुद्रणकलेचा प्रसार होण्यापूर्वीचा असा कोणताही ग्रंथ हस्तलिखित नकलांच्या आधारे टिकत असे, आणि नकलकार मूळ शब्द बदलताना त्याची नोंद ठेवीत नसे. कोणता पाठ आधीचा व कोणता मागाहून शिरला, हे पुढच्या संशोधकाला पोथ्या शेजारी मांडून अनुमानाने ठरवावे लागते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. एकाच संहितेवर शेकडो माणसे एकाच वेळी हात चालवितात. तेव्हा कोणी, केव्हा व कशासाठी बदल केला याची नोंद ठेवणारे साधन आवश्यक ठरते. त्यास आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. आज या क्षेत्रात सर्वाधिक प्रचार असलेले ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतले. लिनक्सच्या कामी तोपर्यंत वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली, हे त्याचे तात्कालिक कारण होय. त्याच वर्षीच्या जुलैपासून ज्यूनियो हमानो हे त्याची देखभाल करीत आहेत. या साधनाची संहिता सर्वांस खुली आहे, आणि तिचा स्वतःचा इतिहासही गिटमध्येच नोंदविला जातो.

समजा, गगनबावडा तालुक्यातील ग्रामनामांचा एक कोश चार अभ्यासक मिळून तयार करीत आहेत : साळवण, असळज, तिसंगी, पळसंबे इत्यादी. प्रत्येक नोंदीच्या वेळी गिट त्या क्षणीच्या संपूर्ण कोशाचे स्वरूप साठविते आणि त्यास एक लांबलचक नाव देते. हे नाव कोणी सुचविलेले नसते. मजकुरावरूनच गणिताने ते निघते. शिवाय प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचे नाव गोवलेले असते. म्हणून जुन्या नोंदीतला एक अनुस्वार जरी मागाहून बदलला, तरी तिचे नाव बदलते, आणि तिच्यानंतरच्या सर्व नोंदींची नावेही बदलतात. नकलकाराला येथे गुपचूप पाठ बदलता येत नाही.

परंतु हेच बलस्थान नूतनीकरणाच्या आड येते. नाव काढण्याची मूळची रीत ‘शा-१’ ही होती. तिच्यामुळे १६० बिटांचे, म्हणजे २० बाइटांचे नाव मिळे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी ‘शा-१’नुसार एकच नाव निघणाऱ्या दोन भिन्न फायली प्रत्यक्ष तयार करून दाखविल्या. गिटने त्याच वर्षी असा घात ओळखणारी सुधारित आज्ञावली स्वीकारली. तथापि कायमचा उपाय म्हणजे ‘शा-२५६’ ही नवी रीत. तिला प्रायोगिक स्थान मिळावयास ऑक्टोबर २०२० उजाडला. इतका विलंब का, याचे उत्तर संहितेतच होते. २० हा आकडा तिच्यात ठिकठिकाणी उघडाच लिहिलेला होता. नाव किती लांबीचे, हे ज्ञान एका जागी गोळा करावे, मग ती जागा बदलावी, असे कष्टाचे काम आधी वर्षानुवर्षे करावे लागले. हे काम वापरणाऱ्याच्या नजरेस पडत नाही, आणि म्हणूनच त्याची वाखाणणी होत नाही.

भाषेच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक वाटेल तो दुसरा प्रकार. गिट ‘सी’ या संगणकभाषेत लिहिलेले आहे. त्या भाषेचे १९९९ चे प्रमाण प्रसिद्ध होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी गिटचे लेखक १९८९ च्या प्रमाणालाच धरून राहिले, कारण जुन्या यंत्रांवरील भाषांतरकार आज्ञावलींना नवी रूपे कळतील याची खात्री नव्हती. मग त्यांनी एक युक्ती योजिली. नवे रूप एकाच ठिकाणी, सहज मागे घेता येईल अशा बेताने वापरावयाचे, काही आवृत्त्या प्रसिद्ध होऊ द्यावयाच्या, आणि कोणाची तक्रार येते का ते पाहावयाचे. यास ते ‘चाचणीचा फुगा’ म्हणतात. २०१७ मध्ये एक व २०२१ मध्ये आणखी दोन रूपांचे फुगे सोडण्यात आले. तक्रार आली नाही, आणि ती रूपे रूढ झाली. वैयाकरणाने काय लिहून ठेवले यापेक्षा वस्तीतल्या सर्वांत वृद्ध भाषिकास ते समजते काय, हे विचारण्याची ही पद्धत आहे. मराठीच्या लेखनसुधारणा क्वचितच इतक्या सावधपणे झाल्या.

‘शेल’ या आज्ञाभाषेत लिहिलेले गिटचे जुने भागही क्रमाने ‘सी’त उतरविण्यात आले, ‘स्टॅश’ हा भाग २०१९ मध्ये आणि ‘बायसेक्ट’ २०२३ मध्ये. वेग वाढला, विंडोजवरील अडचणी घटल्या, आणि बाह्य वर्तन मात्र शक्य तितके पूर्ववत राखले गेले.

मग सारी संहिता एकदाच नव्या वळणाची का करू नये? गिटच्या लेखननियमांत याला स्पष्ट नकार आहे : प्रत्यक्ष बदल करावयाचा असेल तेथे पूर्वतयारी म्हणून वळण सुधारावे, केवळ वळणासाठी संहिता घुसळू नये. ग्रामनामकोशाचे उदाहरण पुन्हा घेऊ. कोश जुन्या लेखनपद्धतीने सुरू झाला होता, आणि १९६२ च्या नियमांस अनुसरून एका उत्साही संपादकाने एका दिवसात ‘नांव’चे ‘नाव’, ‘कोल्हापुर’चे ‘कोल्हापूर’ केले. लेखन शुद्ध झाले खरे. पण प्रत्येक ओळीचा कर्ता दाखविणाऱ्या ‘ब्लेम’ या आज्ञेस आता जिकडेतिकडे त्या संपादकाचेच नाव दिसते. तिसंगीच्या व्युत्पत्तीची ओळ मुळात कोणाची, हे त्या थराखाली दडून जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये अशी एखादी नोंद वगळून पाहण्याची सोय गिटने केली, परंतु ती कोणती नोंद वगळावी हे सांगणारा जाणता माणूस तेथे लागतोच.

जुन्या वचनाला जपण्याची किंमत मराठी वापरणाऱ्यासही द्यावी लागते. कोशातील एका फायलीस ‘गगनबावडा’ असे नाव दिले, तर गिटच्या यादीत ते नाव दिसत नाही. ‘ग’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २२७ असे तीन अष्टमान आकडे, प्रत्येकाआधी एक तिरपी रेघ, असे दिसते. नावातील आठ वर्णचिन्हांचे, यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत, चोवीस बाइट होतात, म्हणून असे चोवीस आकडे. रोमन नावांपलीकडचे बाइट जुन्या पडद्यांवर वा टपालातून जाताना बिघडू नयेत, म्हणून ही तजवीज होती. ‘कोअर डॉट कोटपाथ’ या मांडणीस ‘फॉल्स’ हे मूल्य दिले म्हणजे देवनागरी नाव जसेच्या तसे उमटते. ही सोय २००७ पासून आहे. परंतु न मागता मिळणारे वर्तन तेच जुने राहिले आहे, कारण त्या आकड्यांवर विसंबलेल्या आज्ञावली किती व कोठे असतील हे सांगता येत नाही. सबब कोशकारांपैकी प्रत्येकाने ही मांडणी आपापल्या यंत्रावर पहिल्याच दिवशी करून ठेवावी.