खुर्ची खोटी, धडा खरा

अमेरिकेतील एका नामांकित संग्रहालयाने १९७० मध्ये सतराव्या शतकातील म्हणून एक खुर्ची विकत घेतली. सात वर्षांनी ती अवघ्या एका वर्षाची असताना घेतली गेल्याचे उघड झाले. जुन्या घरगुती फर्निचरचे वय कसे ठरते आणि जाणकारही कसे फसतात, याचा हा वेध.

मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न या गावी मोटारनिर्माते हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेले संग्रहालय आहे. मोटारी, आगगाडीची इंजिने आणि शेतीची यंत्रे यांच्या बरोबरीने सामान्य अमेरिकी माणसाच्या घरातील टेबले, खुर्च्या, पलंग आणि कपाटेही तेथे जतन करण्यात आली आहेत. या संग्रहातील दोन खुर्च्यांची कहाणी विलक्षण आहे. एक खुर्ची अस्सल आहे, परंतु तिच्याविषयीची लोकसमजूत चुकीची आहे. दुसरी संपूर्ण बनावट आहे, तरीही संग्रहालयाने ती टाकून दिलेली नाही.

यातील बनावट खुर्ची ‘ब्रूस्टर चेअर’ या प्रकारातील आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या वसाहतवाल्यांमध्ये विल्यम ब्रूस्टर हे धर्मप्रमुख होते. त्यांची मानली जाणारी खुर्ची मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे पिलग्रिम हॉल या संग्रहालयात आहे. कातावर घडवलेले जाड खांब, पाठीत, हातांखाली आणि बैठकीच्या खालीही उभ्या कातीव दांड्यांच्या ओळी आणि गवताची विणलेली बैठक, असे तिचे रूप. कुटुंबप्रमुखाने बसावे, इतरांनी बाकावर किंवा तिवईवर, अशी त्या काळातील घरांची रीत असल्याने अशी खुर्ची हे प्रतिष्ठेचे आसन होते. या प्रकारच्या मूळ खुर्च्या आज अगदी मोजक्या उरल्या आहेत.

सूड की प्रयोग?

ऱ्होड आयलंड राज्यातील आर्मंड लामोंटेन हे लाकडातील शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेले कलाकार. बेसबॉलपटू बेब रूथ यांचा त्यांनी घडवलेला पूर्णाकृती लाकडी पुतळा कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये त्यांनी ब्रूस्टर पद्धतीची एक खुर्ची घडवली. कृत्रिम झीज, जुनाट भासणारा रंग आणि हेतुपुरस्सर केलेली मोडतोड यांच्या साहाय्याने तिच्यावर तीनशे वर्षांचे वार्धक्य लादले. मेन राज्यातील जुन्या वस्तूंच्या व्यापारात ही खुर्ची शिरली आणि हातोहात फिरत १९७० मध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती नऊ हजार डॉलरना विकत घेतली.

पैसे मिळवणे हा लामोंटेन यांचा उद्देश नव्हता. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांचीही फसगत होऊ शकते, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. म्हणूनच पुराव्याची सोय त्यांनी खुर्चीतच करून ठेवली होती. दांड्या बसवण्यासाठी खांबांना पाडलेली छिद्रे त्यांनी आधुनिक गिरमिटाने पाडली होती. सतराव्या शतकातील सुतार चमच्याच्या आकाराच्या पात्याचे गिरमिट वापरत आणि त्याने पडणाऱ्या छिद्राचा तळ गोलसर असे. आधुनिक पात्याच्या छिद्राचा तळ निराळा असतो. दांडी बसल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. १९७७ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रातून जाहीर झाले. संग्रहालयाने खुर्चीची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा आत दडलेल्या छिद्रांनीच लामोंटेन यांच्या दाव्याला पुष्टी दिली.

मागणी मोठी, वस्तू थोड्या

इतके कसलेले अभ्यासक फसले कसे, याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजोबा-पणजोबांच्या खुर्च्या अमेरिकी घरांमध्ये माळ्यावर नाही तर गोठ्यात पडून असत. १८७६ मध्ये स्वातंत्र्याची शंभरी साजरी झाली आणि वसाहतकाळाविषयीचे आकर्षण वाढीस लागले. कारखान्यात तयार झालेल्या मालाने बाजार भरून गेला असताना, हाताने घडवलेल्या वस्तूत राष्ट्राचे बालपण शोधण्याची ओढ निर्माण झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९०९ मध्ये अमेरिकी फर्निचरचे मोठे प्रदर्शन भरवले आणि १९२४ मध्ये ‘अमेरिकन विंग’ हे स्वतंत्र दालन उघडले. उद्योगपती हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी डेलावेअर राज्यातील आपले विंटरथर हे निवासस्थान संग्रहासह १९५१ मध्ये जनतेसाठी खुले केले. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले.

संग्राहक वाढले, मूळ वस्तू मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. परिणामी किमती गगनाला भिडल्या. १९८९ मध्ये न्यूपोर्ट येथे घडवलेले अठराव्या शतकातील एक मॅहॉगनीचे लेखनकपाट लिलावात एक कोटी २१ लाख डॉलरना विकले गेले. जेथे साध्या लाकडाला असे मोल येते, तेथे नकलाकार मागे राहणे शक्य नव्हते. दुर्मीळ वस्तू अचानक समोर आल्यावर ती खरीच असावी, असे खरेदीदाराला मनातून वाटत असते. लामोंटेन यांनी खुर्चीइतकाच या इच्छेचाही अचूक अंदाज बांधला होता.

लाकूड काय सांगते?

फर्निचर तपासणारा अभ्यासक प्रथम दर्शनी बाजूकडे नव्हे, तर मागे, खाली आणि खणांच्या आत पाहतो. दर्शनी भाग पॉलिश केला जातो, दुरुस्त केला जातो. न दिसणाऱ्या भागांवर मात्र कारागिराच्या अवजारांच्या खुणा जशाच्या तशा राहतात.

० करवतीच्या खुणा : हातकरवतीने किंवा पाणचक्कीवरील उभ्या करवतीने कापलेल्या फळीवर सरळ रेषा दिसतात. चक्राकार करवत कमानीसारख्या वक्र रेषा सोडते. ही करवत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. त्यामुळे सतराव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या पेटीच्या तळाशी वक्र रेषा आढळल्या, तर निदान ती फळी तरी नंतरची असते.

० लाकडाचे आकसणे : लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, परंतु रुंदीत आकसते आणि तेही सर्व दिशांना सारखे नाही. म्हणून कातावर गोल केलेला खांब काळाच्या ओघात किंचित लंबगोल होतो. जुन्या गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजला, तर वेगवेगळा भरतो. तीन शतकांनंतरही अचूक वर्तुळाकार असलेला खांब संशयास्पद ठरतो.

० खिळे आणि स्क्रू : सुरुवातीचे खिळे लोहार एकेक करून घडवत असत. त्यानंतर पत्र्यातून कापलेले आणि शेवटी तारेचे खिळे आले. हाताने बनवलेल्या जुन्या स्क्रूंचे टोक बोथट असे. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतर प्रचारात आले.

० आतले लाकूड : बाहेरून मॅहॉगनी किंवा अक्रोड वापरणारा कारागीर खणांच्या आत मात्र परिसरात स्वस्त मिळणारे लाकूड वापरी. खणात पांढरे पाइन किंवा ट्यूलिप पॉप्लर निघाले, तर ती वस्तू अमेरिकेत बनली असण्याची शक्यता बळावते. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखता येते.

० झीज : खुर्चीची झीज माणसाच्या वापराशी जुळली पाहिजे. पाय टेकण्याची पुढची आडवी पट्टी झिजते, हातांची टोके गुळगुळीत होतात. जेथे कोणाचाच हात किंवा पाय पोहोचत नाही, तेथे झीज दिसली तर ती कानशीने केलेली असते.

यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक नसते. जुन्या फळ्या वापरून नवी वस्तू बनवता येते आणि खऱ्या वस्तूलाही नंतर नवा खिळा ठोकलेला असू शकतो. सर्व खुणा एकमेकींशी जुळतात की नाही, यावर निर्णय अवलंबून असतो.

जुने लाकूड, नवी कथा

लाकूड खरोखर जुने असले, तरी फसवणूक टळतेच असे नाही. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाने २०१५ मध्ये एक शोभिवंत लेखनकपाट मिळवले. अमेरिकी यादवी युद्धात १८६२ साली अँटिटम येथील लढाईत जॉन बिंगहॅम हा सैनिक मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ युद्धातील सहकाऱ्यांनी १८७६ मध्ये हे कपाट त्याचा भाऊ वेल्स यास भेट दिले, अशी त्यामागची कथा होती. दोन्ही भाऊ ऐतिहासिक व्यक्ती होते आणि लढाईही खरी होती. कपाटावर युद्धाची चिन्हे आणि अक्षरे जडवलेली होती.

२०१८ मध्ये जुन्या वस्तूंच्या व्यवहाराला वाहिलेल्या एका नियतकालिकाने याचा पर्दाफाश केला. मॅसॅच्युसेट्समधील कारागीर हॅरॉल्ड गॉर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातील साध्या कपाटावर ही सारी सजावट स्वतः केल्याची कबुली दिली. कथेला आधार देणारा मजकूरही त्यांनीच रचला होता. येथे पाहणाऱ्यांचे डोळे दिपवले ते सुतारकामाने नव्हे, तर भावाच्या स्मृतीने. हुतात्म्याच्या स्मारकाकडे संशयाने पाहणे कोणालाही जड जाते, याचाच लाभ या बनावटीला मिळाला.

लिंकन यांची खुर्ची

याच्या नेमके उलट उदाहरण हेन्री फोर्ड संग्रहालयातील दुसऱ्या खुर्चीचे आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा ते ज्या झुलत्या खुर्चीत बसले होते, ती हीच. तिचा प्रवास टप्प्याटप्प्याने कागदोपत्री सापडतो. खटल्यातील पुरावा म्हणून सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे ती स्मिथसोनियन संस्थेत गेली. १९२९ मध्ये ती नाट्यगृहाच्या मालक कुटुंबातील विधवेला परत मिळाली आणि त्याच वर्षी लिलावात हेन्री फोर्ड यांनी २,४०० डॉलरना घेतली. नाट्यगृहाचे फोर्ड आणि मोटारींचे फोर्ड यांचा नातेसंबंध नाही.

या खुर्चीच्या पाठीवर वरच्या बाजूला मोठा काळपट डाग आहे. तो लिंकन यांच्या रक्ताचा, असे पाहणाऱ्यांपैकी अनेकांना वाटते. वास्तविक तो केसांच्या तेलाचा आहे. राष्ट्राध्यक्षांसाठी ती मांडली जाण्यापूर्वी नाट्यगृहातील नोकरमंडळी तिच्यात डोके टेकून विसावत. म्हणजे खुर्ची खरी, घटना खरी, पण डागाची कथा मात्र प्रेक्षकांच्या मनाने रचलेली. ती तशीच चालू दिली असती, तर कदाचित गर्दी अधिक झाली असती. संग्रहालयाने मात्र खरे तेच सांगणे पसंत केले.

विश्वासाचा प्रश्न

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली, की एक गोष्ट ध्यानात येते. वस्तू आणि तिची कथा या दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी लागते. लामोंटेन यांच्या खुर्चीत वस्तूच खोटी होती. हार्टफर्डच्या कपाटात गाभा जुना आणि कथा खोटी होती. लिंकन यांच्या खुर्चीत दोन्ही खऱ्या असूनही एक डाग दिशाभूल करत होता.

सामान्य प्रेक्षकाला क्ष-किरण यंत्र किंवा सूक्ष्मदर्शक उपलब्ध नसतो. तो काचेपलीकडच्या पाटीवर विश्वास ठेवतो. शाळकरी मुले त्या पाटीवरून इतिहास शिकतात आणि संशोधक तिच्या आधारे पुढची अनुमाने बांधतात. बनावट ब्रूस्टर खुर्ची सात वर्षे खरी म्हणून नांदली, त्या काळात ती इतर खुर्च्यांशी तुलनेचे मापही बनू शकत होती. नऊ हजार डॉलरांपेक्षा हा धोका मोठा होता.

चूक उघड झाल्यावर ती खुर्ची तळघरात दडपून टाकणे सोपे होते. हेन्री फोर्ड संग्रहालयाने मात्र तिला बनावट म्हणूनच जवळ ठेवले आणि अस्सल-नक्कल यांतील भेद शिकवण्यासाठी तिचा उपयोग केला. तिच्या छिद्रांनी पुढच्या पिढीतील अभ्यासकांना लाकडाच्या आत पाहण्याची सवय लावली. तीनशे वर्षांचा खोटा इतिहास मिरवणाऱ्या या खुर्चीचा १९६९ पासूनचा खरा इतिहास आता तिच्या नावावर जमा झाला आहे.